दोन नंबरची खिडकी

बँकेतल्या दोन नंबरच्या खिडकीवरच्या ताई मूकबधिर दिरासाठी खुणांची भाषा शिकल्या होत्या. एकदा शिवणकारखान्यातल्या एका मूकबधिर कारागिराशी त्या खुणांनी बोलल्या आणि बघता बघता त्याच्यासारख्याच सगळ्या मूकबधिर सोबत्यांनी तिथेच खाती उघडली. डबघाईला आलेली शाखा वर्षभरात नफ्यात आली. वरच्या साहेबांनी श्रेयाची माळ नव्या फर्निचरच्या गळ्यात घातली.

मॅनेजर म्हणाले, "साहेब, ही ताईंची विद्या. त्या निवृत्त झाल्या की गिऱ्हाइकं जातील."

"रोज अर्धा तास द्या, सगळ्यांना शिकवते," ताई म्हणाल्या.

साहेबांनी होकार दिला. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरांनी एका कारागिराला 'बसा'ऐवजी 'झोपा' अशी खूण केली. तो पोट धरधरून हसला आणि त्यानेच त्यांचा हात धरून खूण सुधारली.