खंडेनवमीची शर्यत

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस सबंध दोह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. मूळचे नाशिकचे. आठवडाभर एसी दुरुस्त करायचे आणि शुक्रवारी एका अरबाबाच्या, म्हणजे कतारी मालकाच्या, स्टॉक कार संघाचे मेकॅनिक. साध्याच मोटारी, फक्त आतली आसनं काढून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलेला. नव्वदीच्या शेवटी संघ म्हणजे पत्र्याची एक शेड, भंगारातली एक गाडी आणि आमचे साडू. गाडी हटकून शेवटची यायची. साडू म्हणायचे, "शर्यत पुरी झाली ना? मग झालं तर!"

चाकाचा नट त्यांच्याशिवाय कुणी आवळायचा नाही, हा कायदा. मी एकदा हौसेनं पाना उचलला, तर पोराच्या हातून सुरी काढून घ्यावी तसा त्यांनी तो काढून घेतला. "साडूबुवा, तुम्ही बँकेतले. तुम्ही पेन धरा." शर्यतीच्या सकाळी गाडी दोन फेऱ्या फिरवून आणायची आणि गरम चाकांचे नट पुन्हा आवळायचे, ही त्यांची संध्या. दोह्यातल्याच अल मन्सूरा भागातल्या त्यांच्या घरी कुकरच्या मुठीसुद्धा सुटल्या नाहीत. माझी मेहुणी म्हणायची, "पोळपाटाला नट असते तर बरं होतं हो, शुक्रवारी घरी तरी थांबले असते."

या हट्टावरच संघ वर आला. जोजो नावाचा अबोल फिलिपिनो ड्रायव्हर मिळाला, दोन-तीन कप आले, शेडला एसी लागला. अरबाब साडूंना 'मुहंदिस' म्हणू लागला, म्हणजे इंजिनियर, आणि साडू आठवडाभर ताठ चालले. मग दुसऱ्या संघांनी कॉम्प्युटरवाले परदेशी मेकॅनिक आणले आणि आमची गाडी पुन्हा मागे पडत गेली. शेवटी अरबाबानं स्वच्छ सांगितलं, "हंगामाची पहिली शर्यत. पहिल्या तिनांत आलात तर ठीक, नाहीतर खलास."

आणि ती शर्यत नेमकी खंडेनवमीला आली. साडूंच्या वडिलांनी कारखान्यात जन्म काढला होता. पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, ही घरची रीत. साडूंनी गुरुवारीच गाडी तयार केली, आणि शुक्रवारी पहाटे शेडमध्ये सगळे पाने मांडून हळदकुंकू, झेंडू वाहून रिकाम्या हातांनी मैदानावर आले. मी म्हटलं, "आणि सकाळचं आवळणं?" तर म्हणाले, "असे आवळलेत की पाना लागायचाच नाही."

जोजो दुसरा चालला होता. एकाएकी तो गाडी आत, आमच्यापाशी घेऊन आला. चाक हलत होतं. आमच्या माणसांना नटांना हात न लावायची सवय, त्यामुळे सगळे साडूंकडे बघत उभे. शेजारच्या संघातल्या मेकॅनिकनं आपणहून पाना पुढे केला. साडूंचा हात उठेना. मी ओरडलो, "अहो, घ्या ना! देव काही खात नाही तुम्हाला!"

दोन मिनिटं गेली असतील. मग त्यांनी पाना घेतला, कपाळाला लावला आणि चारी चाकं आवळली. जोजो चौथा आला.

रीतही मोडली आणि शर्यतही गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. अरबाब रागावला नाही. साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "खलास, मुहंदिस," आणि गेला. महिन्याभरात शेड रिकामी झाली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. जोजो मनिलाला परतला. साडू अजून एसीच दुरुस्त करतात, पण शर्यतीचं नाव काढत नाहीत. गेल्या वर्षी जेवताना मी न राहवून विचारलंच, "वाईट कशाचं वाटतं हो जास्त? रीत मोडल्याचं, की संघ गेल्याचं?"

त्यांनी घास ताटात ठेवला. मला वाटलं, चिडले.

"संघ काय, आज ना उद्या जाणारच होता," ते म्हणाले. "पण साडूबुवा, त्या हलत्या चाकावर जोजो बसला होता. तो चाकाकडे बघतच नव्हता हो. माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मी दोन मिनिटं विचार करत होतो."