सरांसमोर जेवताना

आतडीसर भेटले की आधी आपल्या ताटाकडे पाहत, मग तोंडाकडे. विट्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. हे नाव आम्हीच पाडलेलं, आणि त्यांना ते ठाऊक होतं. लग्नात शेजारी बसले तर जिलेबी आपल्या ताटात, पण तिला हात लावायची परवानगी त्यांची. "आधी काकडी खा रं. साखर एकटी धाडली की रगतात पळत सुटती. संगं चोथा दिला की दमानं चालती."

तोंडी परीक्षेत त्यांनी मला विचारलं, चोथा काय करतो? मी म्हणालो, पोट साफ करतो. बाहेरून आलेले परीक्षक मान डोलावणार, तेवढ्यात सर म्हणाले, "झाडूवाला हाय व्हय त्यो? सरीत पाचट टाकलं की पानी थांबत थांबत जातं, आन् जमीन निवांत पिती. तसं हाय ते." आमच्या घरचा ऊस, पण वाळल्या पानांचं ते पाचट पेटवून द्यायचं असतं, एवढंच मला माहीत होतं. मी पास झालो तो परीक्षकांना गाडी गाठायची होती म्हणून.

पुढे गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या धंद्यात तमिळनाडूत गेलो. बसून बसून पोट सुटलं, रक्तात साखर निघाली. तेव्हा सरांची आठवण आली आणि मी एकदम भक्त झालो. गव्हाच्या कोंड्याचे नुसते बकाणे भरले, वर पाण्याचा घोटही नाही. सुट्टीला गावी आलो तो पोटात वीट घेऊनच. सरांनी पोट दाबून पाहिलं. "पाचट टाकलंस, पाट सोडलाच न्हाईस. गड्या, सोनं कसं गाळतोस रं तू?" ही शंका माझ्या शेठलाही होती.

चोथ्यावरची त्यांची माया आंधळी मात्र नव्हती. माझ्या बायकोला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी मुद्दाम फोन केला. "कोंड्याच्या भाकरीसंगं गोळी घिऊ नगंस पोरी. चोथा लय गुणाचा, पर लोह दिसलं की धरून बसतो. खाल्लेलं आन् अंगी लागलेलं, ह्यात वीस फुटांचा रस्ता हाय."

त्यांच्या त्या रस्त्यालाच पीळ पडला. सांगलीत ऑपरेशन झालं. काळं पडलेलं लहान आतडं काढावं लागलं, हातभर उरलं. भेटायला जाताना मी शहाण्यासारखे पिशवीभर पेरू नेले. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पिशवी पाहून तोंड फिरवलं. सरांनी एक पेरू उचलून हुंगला आणि उशाशी ठेवून दिला.

"आता चोथा बंद," म्हणाले. "माल उतरायच्या आधीच गाव संपतं."

मग मऊ भात, गाळलेलं वरण, थोडं थोडं करत दिवसभर. तरी माणूस वाळत चालला. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकलं. "पोटभर खाऊन उपाशी मरता येतं," एकदा ते म्हणाले, "हे तुमास्नी शिकवायचं राहिलं."

नंतर एकदा त्यांनी मला जेवायला बोलावलं. काकूंनी माझ्यापुढे जोंधळ्याची भाकरी, मेथी आणि मुळा वाढला. सर समोरच्या खुर्चीत बसले, हातात पेजेची वाटी.

"सावकाश चाव," म्हणाले. "मला बघू दे."

मी चावायला लागलो, तसा त्यांचा जबडा हलू लागला. मी गिळलं की त्यांचा कंठमणी खालीवर होई. "सर, बघायची फी पडेल हां," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नसावं. मुळा माझ्या दातांखाली वाजला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. भाकरी संपली आणि ते हळूच मागे टेकले, वाटीतली पेज तशीच.

त्यानंतर महिनाभरात ते गेले.

तेव्हापासून दुकानात डबा उघडला की समोर कुणाचा तरी जबडा हलतो. मी चावत राहतो. डॉक्टर म्हणतात, साखर आटोक्यात आली, काय केलंत? मी काकडीचं नाव सांगतो.

यंदा गावी गेलो तेव्हा काकूंकडे जेवलो, समोर सरांची रिकामी खुर्ची. ताट स्वच्छ करून उठू लागलो. तव्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "बस की रं. त्यांचं व्हायचं हाय अजून."

मी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.