जाळी की वारा

दांडी गावच्या मावशी दर मंगळवारी आमच्या बोईसरच्या इमारतीखाली सुकी मासळी घेऊन बसतात. त्यांना कशाचाही गुण सांगा, आधी टोपलीवरचं फडकं सारखं करतील आणि मग विचारतील, "आनि दुसरं काय केलंत तवा?"

मध्यंतरी त्यांनी बोंबील वाळवायला नवी जाळी घेतली. मासे लवकर वाळले, गाव जाळीचं कौतुक करू लागलं. मावशींनी पुढच्या खेपेला अर्धे बोंबील जाळीवर घातले, अर्धे जुन्या बांबूंवर. सारखेच वाळले. "वारा होता तो," त्या अजून चिडून सांगतात.

माझी रक्तातली साखर उतरली ती मावशींच्या सुक्या जवळ्याने, असं मी इमारतभर सांगून ठेवलं होतं. त्या मंगळवारी सात-आठ बायका पिशव्या घेऊन उभ्या. मावशींचा माल हातोहात जाणार म्हणून मी खुशीत होतो.

त्यांनी फडकं सारखं केलं. "आनि दुसरं काय केलंत तवा, भाऊ?"

"भात कमी केला. सकाळी चालतोय."

"मंग जवल्याचं नाव कशाला? चवीला न्या गो बायांनो, साखरेचं मला ठाव नाय."

तिघी तशाच परत गेल्या. मावशींनी आवाज खाली आणला. "गोळी घेता ना?"

मी घेतलेल्या जवळ्याची पिशवी घाईघाईने बांधू लागलो. जवळ्याच्या भरवशावर गोळी मी महिन्यापूर्वीच बंद केली होती. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

मावशींनी माझ्या पिशवीतला जवळा पुन्हा टोपलीत ओतला.

"आधी डाक्टरकडं जाऊन या. जवला कुठं पळत नाय."