दारूगोळ्याच्या पेट्यांतून चुली घडवणारे वामनराव

वामनराव ठोंबरे यांची माझी पहिली भेट पुसदला, त्यांच्या पत्र्याच्या कारखान्याच्या अंगणात झाली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवत असे. शाळेला धूर न करणारी चूल हवी होती. वामनरावांनी एका लोखंडी चुलीत कापसाची वाळकी पऱ्हाटी पेटवली आणि मला म्हणाले, "मॅडम, अशा जवळ बसा. धूर लागते का सांगा." मी बसले. डोळ्यांतून पाणी आले नाही, तेव्हाच ते हसले. ती चूल दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीची होती, हे मला नंतर कळले.

सैन्याच्या दुरुस्तीखात्यात हवालदार म्हणून नोकरी करून ते गावी परतले, ती कापसाची फार वाईट वर्षे होती. भाव नाही, पिकाला कीड, आणि कितीतरी घरांतले कर्ते पुरुष गेलेले. सैन्याचा लिलावातला जुना माल एका व्यापाऱ्याकडून आणून वामनरावांनी काम सुरू केले. पेट्यांच्या चुली आणि कपाटे, जीपच्या आसनांच्या खुर्च्या, तोफगोळ्यांच्या पितळी नळकांड्यांच्या समया, पॅराशूटच्या कापडाचे पडदे. कामाला त्यांनी बायका घेतल्या. वेल्डिंग बायकांचे काम नव्हे, असे गावात अनेकांनी सुनावले. ते कोणाशी वाद घालीत बसले नाहीत. बायकांसाठी चष्मे मात्र आधी आणले.

विकलेली चूल ते गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात स्वतः पेटवून देत आणि पहिली भाकरी उतरेपर्यंत तिथून हलत नसत. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा जुन्या स्ट्रेचरची, पाठ वर उचलता येणारी खाट घेऊन ते न सांगता दारात उभे राहिले. मामंजी तिच्यावर शेवटपर्यंत टेकून बसून जेवले.

या कामात त्यांचा उजवा हात म्हणजे शेवंताबाई राठोड. तांड्यावरून रोज चालत येणाऱ्या, पदरात दोन मुली असलेल्या. त्यांचा वेल्डिंगचा जोड हात फिरवला तरी जाणवत नसे. कारखाना पुढे शेवंताबाईंवर सोपवायचा, असे वामनराव उघड म्हणत.

एका दुपारी नवा माल उतरला. मीही तिथे होते. रिकाम्या नळकांड्यांच्या ढिगातून शेवंताबाईंनी एक उचलली आणि म्हणाल्या, "दादा, हे जड लागून राह्यलं." वामनरावांनी ती त्यांच्या हातातून हळूच घेतली, वाळूच्या ढिगावर ठेवली आणि म्हणाले, "सगळ्या जणी बाहेर निंघा. सामान राहू द्या."

आम्ही रस्त्यावर आलो. ती नळकांडी रिकामी नव्हती; आतला गोळा जिवंत होता. पोलिसांना कळवायला ते निघाले, तेव्हा शेवंताबाई आडव्या आल्या. "दादा, कायले सांगता? कारखाना बंद करतीन. दूर नेऊन गाडून टाकू. कोणाले समजते?"

"आज गाडू, शेवंता. उद्या वावरात कोणाच्या डवऱ्याखाली येईन. मंग?"

"आन् आमी कुठं जावं?"

वामनराव पोलीस ठाण्याकडे चालू लागले.

परत येऊन त्यांनी स्वतः घरोघरी जाऊन गल्ली रिकामी केली. सैन्याचे पथक येईपर्यंत कोणी आत शिरू नये म्हणून फाटकाशी एकटे बसून राहिले. पथकाने गोळा गावाबाहेरच्या पडीक जमिनीत नेऊन फोडला, तेव्हा आमच्या खिडक्या हादरल्या. कोणालाही इजा झाली नाही.

कारखान्याला मात्र सील लागले. चौकशीत वामनराव निर्दोष ठरले, तरी सैन्याचा माल वापरायची परवानगी पुन्हा मिळाली नाही. आम्ही अर्ज केले, मोठमोठ्या माणसांना भेटलो. प्रत्येकाने त्यांच्या प्रामाणिकपणाची तोंडभरून स्तुती केली आणि आम्हाला चहा देऊन परत पाठवले. बायका पुन्हा कापूस वेचायला गेल्या. शेवंताबाई मुलींना घेऊन ऊसतोडीला गेल्या. निघताना त्या वामनरावांच्या पाया पडल्या.

या लेखासाठी परवा त्यांना भेटले. वेल्डिंगने डोळे अधू झाले आहेत; आवाजावरून ओळखतात. पंचाहत्तरीच्या सत्काराचे सांगितले तर म्हणाले, "कायले? त्या बायांचं मले काई करता आलं नाही." तुम्ही केले ते बरोबरच होते, असे मी म्हटले. "बरोबरच होतं," ते म्हणाले. "मले रोज वाटते, थोडं चूक असतं तर बरं झालं असतं."

आज त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो, डोळ्यांत आहे तेवढा उजेड टिको. त्या दुपारी रिकामी केलेल्या गल्लीतली मुले आज आईबाप झाली आहेत, त्यांच्या अंगणांत त्यांची मुले खेळतात. तो गलका वामनरावांच्या कानांवर पुष्कळ वर्षे पडत राहो.