तिसरा रकाना

चार वर्ग आणि मास्तर मी एकटा. पंचावन्न सालच्या आसपास शिरपूरच्या पुढच्या एका खेड्यात मी होतो, आणि शिकवून शिकवून पार पिचून गेलो होतो. सजीवांचे भाग दोन, वनस्पती आणि प्राणी, एवढं सांगून मी मोकळा व्हायचो.

चौथीच्या वार्षिक परीक्षेत तेच विचारलं. दोन रकाने करा. एका मुलीने पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला आणि त्यात एकटं भूछत्र लिहिलं. पुस्तकात ते वनस्पतीत होतं. मी तिला बोलावलं.

"त्याले पान नाई, हिरवं नाई, वारुळावर उगोते. ते झाड कसं होईन, गुरुजी?"

"मग प्राणी आहे का?"

"ते बी नाई. रकाने दोनच काहून?"

उत्तर शोधायचं त्राण माझ्यात नव्हतं. बाकीची सगळी नावं तिने बरोबर लिहिली होती. त्या प्रश्नाच्या चारातले तीन मार्क तिचेच होते. मी अख्ख्या प्रश्नावर फुली मारली. ती दोन मार्कांनी नापास झाली.

तिच्या बापाने आधीच सांगून ठेवलं होतं, "पास झाली तं शिकते, नाई तं वावरात निंदाले येते." निकालाच्या दिवशी तो शांतपणे म्हणाला, "तुमी म्हणता तसंच, मास्तर." ती पुन्हा शाळेत आली नाही.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी नवं पुस्तक हातात पडलं. आता नुसत्या दिसण्यावर भागत नव्हतं. पेशी कशी, अन्न कसं मिळवतं, हे पाहून गट पाडले होते. गट पाच. भूछत्राला स्वतःचा वेगळा. मला त्याच दिवशी तिच्या पेपरावरची माझी फुली आठवली आणि मी तिचा ठावठिकाणा काढला.

ती आसेगावला दिली होती. पुस्तक घेऊन गेलो, तर पोक्त झालेली ती कपाशीत निंदत होती. बोट ठेवून तिने भूछत्राची तेवढी ओळ अक्षर अक्षर लावून वाचली.

"म्हंजे मी पास होती का, गुरुजी?"

"जुन्या पुस्तकानंही होतीस," मी म्हणालो. "मीच थकलो होतो."

पुस्तक मिटून माझ्या हातात देत ती म्हणाली, "हे माह्या बापाले सांगाचं होतं. तो तं कवाचा मेला." आणि खुरपं घेऊन पुढच्या ओळीला लागली.