सासूबाईंच्या उशाशी थर्मोस्टॅट

तळघरातल्या बॉयलरपाशी ज्याची उभी हयात गेली, त्या माणसाला अख्खी इमारत वाफ्या म्हणायची. तोंडावर वाफेकाका, पाठीमागं वाफ्या. त्याला दोन्ही चालायचं. अंगानं पिंपासारखा, भुवया कायम करपलेल्या. हसू आलं की आधी पोट हलायचं, आवाज मागनं यायचा. हा माणूस माझ्यापेक्षा बॉयलरशी जास्त बोलतो, असं त्याची बायकोच चारचौघांत सांगायची.

इमारत चांगली वीस मजली. थंडी पडली की तळघरात तेल जळायचं, पाण्याची वाफ व्हायची आणि नळ्यांतून घरोघरच्या लोखंडी रेडिएटरात शिरायची. आपल्या इमारतीत कधी कुणी कुडकुडलं नाही, ही वाफ्याची शेखी. कुडकुडतंय कुठलं! ऐन कडाक्यात लोक बनियनवर बसायचे आणि खिडक्या सताड उघड्या टाकायचे. वाफ्या रस्त्यावर उभा राहून वर बघायचा आणि खूश व्हायचा. "याला म्हणायचं ऊब!"

त्या हिवाळ्यात नगरपालिकेची एक बाई आली. डोक्यावर हेल्मेट, हातात यंत्र. धुराड्यात नळी घालून तिनं धूर मोजला, पुन्हा मोजला, आणि कपाळाला हात लावला.

"काका, हवा तापवणारा वायू या शहरात मोटारींपेक्षा उंच इमारतीच जास्त सोडतात. त्यात तुमची सगळ्यांत पुढं."

"पहिला नंबर?" वाफ्याची छाती फुगली.

"फुगू नका. थंडी सरायच्या आत धूर निम्म्यावर आला नाही, तर बॉयलर सील होणार."

वाफ्याचं तोंड एवढंसं झालं. बॉयलर गेला की नोकरी गेली. तळमजल्यावरच्या दोन खोल्याही नोकरीबरोबरच मिळालेल्या. नवरा, बायको आणि सासू, तिघांचंही बस्तान उठणार.

मग गडी इरेला पेटला. नळ्यांतली काजळी खरवडली. बर्नर खोलून लख्ख केला. तळघरातल्या उघड्या नळ्यांना घरातली पांघरुणं गुंडाळली.

"माझी लग्नातली शाल नळीला?" बायको कडाडली. "त्यापेक्षा नळीलाच घरात आणा, मी जाते तळघरात!"

एवढं करून बाईनं पुन्हा मोजलं, तर काटा नावापुरता हलला. वाफ्या घरोघर हात जोडत हिंडला, "खिडक्या लावा हो." पाचव्या मजल्यावरचा शिंपी उघड्या अंगानं दारात आला.

"लावतो की. पण मग मी शिजतो. आधी तुमची भट्टी आवरा!"

"मी कुठं पेटवतो? ती आपली आपणच पेटते."

हेच गाऱ्हाणं त्यानं खाली येऊन बाईला ऐकवलं. बाई म्हणाली, "आपण होऊन कशी पेटेल? थर्मोस्टॅट सांगतो, गारठा पडलाय, पेट, तेव्हा पेटते. कुठं आहे तो?"

वाफ्यानं मान खाजवली. "सासूबाईंच्या उशाशी."

गोष्ट अशी होती. थर्मोस्टॅटची डबी पूर्वी खालच्या दाराशी होती आणि येणारा-जाणारा तिचे कान पिळायचा. वैतागून वाफ्यानं वायर ओढली आणि डबी सासूच्या पलंगावरच्या भिंतीला ठोकली. त्या खोलीतल्या वस्तूला हात लावायची छाती कुणाची नव्हती, खुद्द वाफ्याचीही नाही.

दोघं खोलीत गेले. आत नुसता तवा तापलेला. सासूबाई पदरानं वारा घेत बसलेल्या, उशाची खिडकी सताड उघडी, आणि बाहेरचा बर्फासारखा वारा नेमका त्या डबीवर.

"आई, ही खिडकी कधीपासून उघडी?"

"तुम्ही मला इथं भाजायला ठेवलंय तेव्हापासून! उकडलं की उघडते. उघडली की तुमची मेली भट्टी आणखी बोंबलते. आणखी उकडतं, मग आणखी उघडते. करू काय?"

बाईला हसू आवरेना. "काका, डबीला वाटतंय अख्खी इमारत गारठली. म्हणून वीसही मजले तापतात, अन् सगळी ऊब खिडक्यांतून रस्त्यावर."

"म्हणजे इतकी वर्षं मी रस्ता शेकत होतो?" वाफ्या मटकन खाली बसला. "आई, अहो, तुमच्या खिडकीपायी..."

"माझ्यावर ढकलू नका, जावईबापू. डबी इथं ठोकली कुणी?"

दारात बायको पोट धरून हसत होती.

डबी हलली. मधल्या मजल्याच्या जिन्यात, जाळीच्या पेटीत, कुलूपबंद. दुसऱ्या दिवशी वाफ्या जेवायला बसला आणि एकदम कान टवकारले. तळघर गप्प! हातातला घास टाकून तो धावत खाली गेला. बॉयलर मेला म्हणून घाम फुटला. मग ध्यानात आलं, मेला नाही, पुरे झालं म्हणून थांबलाय. भर हिवाळ्यात बॉयलर थांबलेला त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून उगाच फडक्यानं त्याची पाठ पुसत बसला.

हळूहळू खिडक्या लागल्या. शिंप्याच्या अंगात सदरा आला. थंडी सरायच्या आधी बाईनं पुन्हा धुराड्यात नळी घातली आणि मान डोलावली. "निम्म्याच्याही खाली. सील नाही, काका."

वाफ्या तडक सासूच्या खोलीत. "आई, नोकरी राहिली, खोल्याही राहिल्या!"

"बरं झालं. मग आता खिडकी उघडू का?"

"सताड उघडा! आता कुणाच्या बापाचं काही जात नाही."

सासूबाईंनी ऐटीत खिडकी उघडली. वाऱ्याचा झोत आला, तशा दचकून मागं सरल्या आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"अगंबाई! लावा ती, लावा, जावईबापू! बाहेर एवढा गारठा आहे, सांगायचं नाही का कुणी?"