एरंडोलच्या नानांचं सोंग

रस्त्यात उताऱ्याचं लिंबू दिसलं की मी मुद्दाम त्यावरून स्कूटर नेतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही... तरी हे लिहितोय, कारण नानांच्या शेवटच्या दुपारचं ओझं आता एकट्याला झेपत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी जळगावला एका बियाणं कंपनीच्या हेड ऑफिसात होतो. धुळे, पाचोरा, एरंडोल आणि एदलाबादला आमच्या शाखा. साहेबांच्या डोक्यात आलं — सगळ्यांना जळगावला बोलावण्यापेक्षा महिन्यातून एकदा फोनवरच मेळावा घ्यायचा. एक्स्चेंजच्या ऑपरेटरबाई सगळ्या लाइनी एकत्र जोडून द्यायच्या, आणि प्रत्येक गावात स्पीकरच्या फोनभोवती माणसं बसायची. बसायची कसली... इकडे साहेब बोलायचे आणि तिकडे लोक चहाला जायचे. "यात जरा जान आणा," म्हणून साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं.

मी शक्कल लढवली. आपल्याकडे गावोगावी सोंगं निघतातच, तर फोनवर आवाजाचं सोंग घ्यायचं. नाव न सांगता कुणीही सुरू करायचं, बाकीच्या गावांनी ओळखायचं. नियम एकच — सोंग चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नाही.

त्या दुपारी हजेरीला एरंडोल गप्प. तिथली शाखा नाना एकटेच सांभाळायचे आणि मेळाव्यात ते कधी तोंड उघडत नसत, म्हणून मी पुढे गेलो. धुळ्याने फेरीवाला केला, पाचोऱ्याने एसटीचा कंडक्टर. लोक खिदळत होते, मी खुशीत होतो. मग स्पीकरमधून नानांचा आवाज आला.

"मी एखलाच शे आठे... छातीमा दुखी ऱ्हायनं... कोणी तरी या रे भो."

तरुणपणी गावच्या सोंगांत नाना गाजलेले, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. एकटाच आहे, छातीत दुखतंय, कुणीतरी या — तीनदा तेच शब्द, दर वेळी जरा हळू. मग आवाज थांबला. धुळ्याचे आबा म्हणाले, "नानासनं सोंग भारी शे." सगळीकडून टाळ्या पडल्या. पहिला नंबर मी नानांना देऊन टाकला.

मेळावा संपल्यावर अभिनंदन करायला एरंडोलचा फोन मागितला. ऑपरेटरबाई म्हणाल्या, "एरंडोल लागलंच नाही हो. तिथली लाइन सकाळपासून बंद आहे. मी तीनच गावं जोडली होती."

मी जीप काढली. नाना ऑफिसात जमिनीवर पडले होते — टेबलापासून लांब, गोदामाच्या दाराशी. रिसीव्हर जागेवर होता, स्पीकरही बंद. डॉक्टर म्हणाले, दुपारीच आणलं असतं तर कदाचित वाचले असते.

पुढे मी तिन्ही गावांत जाऊन विचारलं. नानांची नक्कल कुणीच केली नव्हती, आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला होता. बंद लाइनीवरून तो कसा आला, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगू शकलेलं नाही. खरं सांगायचं तर मला आता त्याची भीतीही वाटत नाही. हाक आली होती, जीपला तासभरही लागला नसता, आणि नियम माझा होता.

दहाव्याला नानांच्या पत्नीने, अक्कांनी, मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यासनी कोणले हाक मारी व्हती का, भाऊ?"

चाळीस जणांनी ऐकली होती. मी नाही म्हणालो.